टाकळघाटच्या वाटेवरचा पाद्री

स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, तेव्हा गादीवर तिसरे रघुजी भोसले होते. स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या या पाद्र्याने पुढच्याच वर्षी शाळा काढली. आजचे हिस्लॉप कॉलेज तिचाच वारसा सांगते.

पण हा गडी पोथीत डोके घालून बसणारा नव्हता. प्रचाराच्या फेरीवर निघाला की हातोडी सोबत असायचीच. दगड फोडून जीवाश्म गोळा करायचे, गोंडांच्या वस्तीवर त्यांची गाणी टिपून घ्यायची. श्रद्धा आणि भूगर्भशास्त्र त्याच्या झोळीत सुखाने नांदत. इतरांना ते आजही जड जाते!

४ सप्टेंबर १८६३. ब्रिटिश प्रशासक रिचर्ड टेंपल यांच्यासोबत हिस्लॉप नागपूरजवळच्या टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहायला गेले होते. परतताना गावातली शाळा तपासायला ते मागे थांबले आणि सांजवेळी एकटेच बोरीकडे निघाले. वाटेतला ओढा फुगलेला. विदर्भातला पावसाळी नाला घटकाभरात कसा चढतो, ते इथल्या माणसाला सांगायला नको. घोडा मुक्कामी पोचला, स्वार नाही. वय अवघे ४५.

त्यांच्या आदिवासींवरील टिपणांचे पुस्तक टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून काढले.