चाळिशीनंतरचा कोरस

रियाध, दम्माम, जुबैल, जेद्दा... सौदीत कुठेही जा, ऑफिस सुटल्यावर एकटाच खोलीवर परतणारा मराठी माणूस भेटतोच. जुलै २०१७ पासून इथे कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबितामागे दरमहा १०० रियाल शुल्क सुरू झालं. दरवर्षी वाढत २०२० मध्ये ते ४०० वर गेलं. बायको आणि दोन मुलं धरली तर महिन्याला १,२०० रियाल! अनेकांनी घरच्यांना गावी परत पाठवलं. उरला व्हिडिओ कॉल आणि रिकामी संध्याकाळ.

अशाच काही जणांसोबत आम्ही शुक्रवारी कुणाच्या तरी घरी जमून गायला लागलो. बहुतेक सगळे चाळिशी-पन्नाशीतले, शाळेच्या प्रार्थनेनंतर कधी न गायलेले. ‘मला सूर कळत नाही हो’ हे प्रत्येकाचं पहिलं वाक्य. पण समूहात गाण्याची गंमत अशी, की एकाचा सूर हलला तरी शेजारचा सांभाळून घेतो. एकाचा श्वास संपतो, तिथे दुसऱ्याचा चालू असतो.

मुख्य अडचण पट्टीची. पुरुषांना साधारण काळी एक-दोन सोयीची, तर बायकांना काळी चार-पाच. वय वाढलं की वरचे सूर जड जातात. उपाय साधा: पट्टी एक-दोन सुरांनी खाली आणायची, कडवी वाटून घ्यायची आणि ध्रुवपद सगळ्यांनी मिळून म्हणायचं. मोबाइलवर तानपुरा लावला की पहिली दहा मिनिटं फक्त ‘सा’. त्यात गाण्यापेक्षा ऐकणंच जास्त शिकायला मिळतं.

ही भूमीही समूहगायनाची आहे. नज्द प्रांतातल्या ‘अर्दा’मध्ये पुरुष रांगा करून, हातात तलवारी घेऊन, ढोलाच्या ठेक्यावर काव्याच्या ओळी आळीपाळीने म्हणतात. २०१५ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. समोरासमोर दोन रांगांत उभं राहून भजन म्हणणारे आपले वारकरी आठवल्याशिवाय राहत नाहीत. सौदीच्या राष्ट्रीय वाद्यवृंद आणि गायकवृंदाने तर २०२२ मध्ये पॅरिसला आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कला कार्यक्रम केले.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रौढांच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गायन, हस्तकला आणि लेखन शिकणाऱ्यांना त्यांनी सात महिने पाहिलं. शेवटी जवळीक सगळ्याच वर्गांत सारखी झाली, पण गाणाऱ्यांची सर्वांत आधी जमली. दोन-दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर जगणाऱ्या आम्हाला हे ‘आधी’ फार मोलाचं. इथे मैत्री सावकाश मुरायला वेळच कुठे असतो?

पथ्यं अर्थात पाळावी लागतात. गाणं घरातल्या घरात, आवाज बेताचा, आणि अजान झाली की थांबायचं. जाहीर कार्यक्रम करायचा तर आधी रीतसर परवानगी.

गावाकडच्या वाचकांना एकच सांगणं. आई-बाबा फोनवर ‘दिवस जात नाही रे’ म्हणाले, तर त्यांना जवळच्या भजनी मंडळात जायला सांगा. आवाज बसलाय, पाठांतर होत नाही, अशी कारणं निघतील. तरी सांगा. आणि तुमचा माणूस इथे एकटा असेल, तर ‘जेवलास का?’च्या पाठोपाठ ‘या शुक्रवारी गायलास का?’ हेही विचारा.