वीकएण्ड, गोणी आणि लीडरशिप

टीम बिल्डिंग ऑफसाइट म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. कर्जत नाहीतर लोणावळ्याचं रिसॉर्ट, डोळ्यांवर पट्टी बांधून चालणं, कागदाच्या कपांचे मनोरे, रात्री डीजे. आणि सोमवारी पुन्हा बॉसला सीसीत ठेवून एकमेकांना टोमणे मारणाऱ्या त्याच मेल्स! याहून 'हटके' काही हवं असणारे परदेशात जातात. दोन आठवड्यांची रजा, खिशाला बऱ्यापैकी चाट आणि नेपाळ किंवा आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात शाळेची भिंत बांधून परत. सीव्हीवर एक ओळ वाढते, फोटोही झकास येतात. या ट्रिप्सवर जगभर टीका होते. ज्यानं आयुष्यात कधी थापी धरली नाही, त्यानं तिथल्या गवंड्याची रोजी का हिसकावून घ्यावी? सवाल रास्त आहे.

पण ही आयडिया काही टूर कंपन्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. पहिलं महायुद्ध संपून दोनच वर्षं झाली होती. १९२० साली पिएर सेरेसोल हा स्विस इंजिनीअर मूठभर स्वयंसेवक घेऊन फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या एस्न या बेचिराख गावात पोचला. हेतू एकच, घरं आणि रस्ते पुन्हा उभे करायचे. त्या चमूत जर्मनही होते, म्हणजे कालचे शत्रू! 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संस्था त्यातून जन्मली. १९३४ साली बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा हेच सेरेसोल तिथं गावं वसवायला आले.

आपल्याकडचा किस्सा तर त्याहून जबरी. १९५०च्या दशकात याच संस्थेचे पन्नासेक स्वयंसेवक वरोऱ्याला, बाबा आमट्यांच्या आनंदवनात आले. कुष्ठरुग्णांनी पिकवलेली भाजी विकत घ्यायलाही लोक धजत नव्हते, असा तो काळ. हे परदेशी तरुण रुग्णांच्या सोबत राहिले, जेवले आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून दवाखान्याची इमारत बांधली. ते पाहून गावातले लोकही हळूहळू आनंदवनात यायला लागले. इमारत ठीकच, पण खरं काम हे झालं. पुढे १९६७ साली बाबांनी सोमनाथला तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. ठाण्या-मुंबईची पोरं मे महिन्याच्या उन्हात चंद्रपूर जिल्ह्यात कुदळ मारायला जायची, ती याच छावणीसाठी.

डोंबिवलीत बसून हे वाचायला छान वाटतं. पण करायचं कुठे? मला उत्तर कसारा लोकलमध्ये सापडलं. गेल्या नोव्हेंबरात एका मैत्रिणीच्या ग्रुपबरोबर मी आसनगावला उतरले आणि तिथून जीपनं शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर गेले. कशासाठी? वनराई बंधारा बांधायला.

शहापूरची गंमत, खरं तर थट्टा, ऐका. तानसा धरण याच तालुक्यात आणि १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय. भातसाही इथलंच. पाऊस तर धो धो. तरी उन्हाळा लागला की इथल्या कितीतरी पाड्यांवर टँकर येतो. नाही आला, तर बायका डोक्यावर हंडे घेऊन कोरड्या ओढ्यात खोदलेल्या डवऱ्यापर्यंत चालत जातात. पाऊस डोंगरावरून सरळ वाहून जातो, थांबायला त्याला जागाच नाही.

वनराई बंधाऱ्याचा फंडा अगदी सिंपल. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूनं भरायच्या, तोंड शिवायचं आणि ओढ्याचं पात्र अरुंद असेल तिथं आडव्या रचायच्या. पावसाळा संपलाय पण ओढा अजून वाहतोय, एवढ्याच दिवसांत हे करावं लागतं. पाणी अडतं, आजूबाजूच्या विहिरींना पाझर राहतो, गुरांची सोय होते, काठावर थोडा भाजीपाला निघतो. पुढच्या पावसात बंधारा वाहून जातो आणि पुन्हा बांधायचा. खर्च जवळपास शून्य.

आम्ही बावीस जण होतो. ऐरोलीच्या आयटी पार्कमधले सात, दोन बँकवाले, एक सीए, बाकी असेच. पहिल्या तासात काय झालं असेल, ओळखा! चार जण प्लॅनिंग करत होते, तिघं त्यांचं प्लॅनिंग सुधारत होते आणि फावडं एकाच्या हातात. त्यातल्या एका टीम लीडनं जागाही 'फायनल' करून टाकली होती. तेवढ्यात काठावर उभ्या असलेल्या एक मावशी म्हणाल्या, "तिथं नको रे बाबा. खाली नुसती वाळू हाय, पाणी खालून निघून जाईल. वर चला, तिथं कातळ लागंल."

टीम लीडच्या चेहऱ्यावर काय काय आलं आणि गेलं, ते मी पाहिलं. पण गडी शहाणा निघाला. "चला मावशी, दाखवा," म्हणाला. मावशींनी कातळ दाखवला आणि तिथून पुढे साइटच्या इन-चार्ज त्याच. गोणी काठोकाठ भरायची नाही, दोन तृतीयांशच भरायची, म्हणजे ती नीट बसते आणि शेजारणीला चिकटते. वरच्या थराचा सांधा खालच्या गोणीच्या मध्यावर यायला हवा, विटांच्या भिंतीसारखा. पाण्याच्या बाजूनं चिकणमाती चोपायची. हे सगळं त्यांनी एकदाच सांगितलं, दुसऱ्यांदा कुणाला सांगावं लागलं नाही.

अकरानंतर भलताच घोळ झाला. भरलेल्या गोण्यांचा ढीग लागला, कारण दाभण-सुतळीनं शिवणारे तिघंच. बँकवाल्या मुलीच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं. तिनं मीटिंग घेतली नाही, फावडं टाकलं आणि दाभण उचललं. पाच मिनिटांत आणखी चौघं तिच्या शेजारी येऊन बसले. ऑफिसात याला 'बॉटलनेक' म्हणतात आणि त्यावर तीन स्लाइड्स बनतात.

दुपारी पाड्यावरची माणसं साखळीत आली, तेव्हा कामाला खरा वेग आला. संध्याकाळपर्यंत साडेचारशे गोण्या, कमरेइतकी भिंत आणि मागे हळूहळू चढणारं पाणी. पाठ मात्र तीन दिवस बोलत होती.

उगाच गोड गोड लिहिणार नाही. या बंधाऱ्यानं पाड्याचा उन्हाळा सुटला नाही. फेब्रुवारीत फोन केला, तेव्हा विहिरीला पाणी होतं. एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणं सुरू झालं होतं. दोन-अडीच महिन्यांची पायपीट वाचली, एवढाच हिशेब. पायपीट मावशींची होती, त्यामुळे हा हिशेब त्यांनीच करावा हे बरं.

तुम्हाला जायचं असेल तर आधी ग्रामपंचायतीशी किंवा गावात काम करणाऱ्या माणसांशी बोला. बंधारा कुठे हवाय, हे त्यांना ठरवू द्या. दिवाळीनंतर उशीर करू नका. गोण्यांची चिंता नको, आपल्या कल्याण-डोंबिवलीत बांधकामांना काय तोटा? कोणत्याही साइटवर रिकाम्या गोण्या मिळतील.

आमचं यंदाचंही ठरलंय. मावशींचा निरोप आलाय, गोण्या फाटक्या आणू नका, आणि गेल्या वेळेस शिवायला बसलेली ती मुलगी नक्की आणा.