नैराश्य तिचं आणि त्याचं

बाईच्या नैराश्याचं खापर हार्मोन्सवर फोडणं सोपं आहे. लहानपणी मुलगे आणि मुलींमध्ये नैराश्याचं प्रमाण जवळपास सारखंच असतं. वयात येताना फरक पडू लागतो आणि पुढे स्त्रियांमधलं प्रमाण साधारण दुप्पट होतं. पण त्याच वयात मुलीचं जगही बदलतं. बंधनं वाढतात, नकोसे स्पर्श वाट्याला येतात. यातलं काय कशामुळे, हे एकट्या मेंदूतज्ज्ञाला किंवा एकट्या समाजशास्त्रज्ञाला सांगता येणार नाही.

२०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय या वैद्यकीय संस्थेतल्या एरिक नेस्लर यांच्या गटाने इतर संस्थांसोबत नैराश्यग्रस्त मृत स्त्री-पुरुषांच्या मेंदूचे सहा भाग तपासले. कोणती जनुकं जास्त सक्रिय, कोणती मंदावलेली, हे पाहिलं. दोघांतलं साम्य फारच थोडं निघालं! त्यांपैकी ड्यूस्प-६ हे जनुक उंदरांच्या मेंदूत मुद्दाम मंद केल्यावर माद्या ताणाला लवकर बळी पडल्या, नर नाही.

असा फरक असूनही कित्येक वर्षं प्रयोगांत प्रामुख्याने नरच वापरले गेले. माद्यांच्या ऋतुचक्रामुळे निष्कर्ष विस्कळीत होतात, ही समजूत. २०१४ मध्ये जुने अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ती खोटी ठरली. माद्यांना असं वगळल्याची मला चीड येते.

नैराश्यातला हा फरक लक्षात न घेण्यात पुरुषांचंही नुकसान आहे. भारतात आत्महत्या करणाऱ्यांत पुरुष स्त्रियांच्या दुपटीहून अधिक आहेत. त्यांचं नैराश्य अनेकदा चिडचिड, दारू, भांडणं यांतून बाहेर पडतं, आणि नेहमीच्या प्रश्नावल्या मात्र उदासी आणि रडू याबद्दलच जास्त विचारतात.