सोलापूरचा पाऊस कोठून येतो?

आषाढात कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाची झड लागलेली असते. त्याच वेळी सोलापूर जिल्ह्यात वारा जोराने वाहतो आणि ढग डोक्यावरून पूर्वेकडे धावत जातात. परंतु जमीन भिजत नाही. हे ढग येथे का बरसत नाहीत आणि जो पाऊस अखेर पडतो तो कोणत्या दिशेने येतो, हे समजून घेणे शेतीच्या व जलसंधारणाच्या नियोजनासाठी अगत्याचे आहे.

मोसमी वाऱ्यांचा प्रवास

उन्हाळ्यात समुद्रापेक्षा जमीन लवकर तापते. तिच्यावरील हवा तापून हलकी होते, वर चढते आणि तेथे कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होते. हिंदी महासागरावरील जास्त दाबाच्या क्षेत्रातील हवा तिकडे ओढली जाते. विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या परिवलनामुळे हे वारे उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरील बाष्प घेऊन नैऋत्येकडून आपल्या किनाऱ्यावर येतात.

सह्याद्रीची पर्जन्यछाया

सह्याद्रीमुळे ही हवा वर चढते. वर हवेचा दाब कमी असल्याने ती प्रसरण पावते व थंड होते. बाष्पाचे जलबिंदू बनून घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पडतो. डोंगर ओलांडून खाली उतरताना तीच हवा दाबली जाऊन तापते, तिची सापेक्ष आर्द्रता घटते आणि ढग विरळ होतात. महाबळेश्वर येथे वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून जेमतेम वीस किलोमीटर पूर्वेस असलेल्या पाचगणीस त्याच्या सुमारे एकतृतीयांश, तर सोलापूर शहरास केवळ सातशे मिलिमीटरच्या आसपास.

घाटावरच्या या पावसाचा काही भाग भीमेच्या पात्रातून सोलापूरकडे परत येतो. उजनी जलाशय मुख्यतः पुणे जिल्ह्यात पडलेल्या पावसावर भरतो. म्हणूनच धरण भरत आले असताना सांगोला, मंगळवेढ्याची कोरडवाहू शेते तहानलेली असू शकतात.

पूर्वेकडील आशा

सोलापुरात सर्वाधिक पाऊस सप्टेंबर महिन्यात पडतो. या सुमारास नैऋत्य वाऱ्यांचा जोर ओसरू लागतो. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची काही क्षेत्रे आंध्र व तेलंगणावरून पश्चिमेकडे सरकतात आणि पूर्वेकडून बाष्प आणतात. दुपारी तापलेल्या जमिनीवर उंच ढग उभे राहून गडगडाटी पाऊसही होतो. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या या पावसावरच रब्बी ज्वारीची पेरणी अवलंबून असते. काळ्या जमिनीत साठलेल्या या ओलीवरच मंगळवेढ्याची ज्वारी पोसली जाते.

हाच पाऊस क्वचित संहारकही ठरतो. ऑक्टोबर २०२० मध्ये उपसागरातील एक तीव्र कमी दाबाचे क्षेत्र काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून थेट सोलापूरपर्यंत आले. अतिवृष्टीने भीमेस पूर आला, पिके पाण्याखाली गेली आणि पंढरपुरात घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा बळी गेला.

ढगांवरील प्रयोग

पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ व २०१९ मध्ये सोलापूर परिसरात विमानाद्वारे ढगांत क्षारकणांचे बीजारोपण केले. बीजारोपणाच्या ठिकाणापासून वाऱ्याच्या दिशेतील सुमारे शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात पावसात सरासरी १८ टक्के वाढ आढळली. मात्र योग्य ढगच नसतील तर हा उपाय चालत नाही. तो दुष्काळनिवारणाचा एकमेव मार्ग नव्हे, साहाय्यक साधन आहे.

नियोजनाची दिशा

वर्षाची सरासरी पुरी झाली म्हणजे साल चांगले गेले, असे येथे म्हणता येत नाही. एकाच आठवड्यात कोसळून वाहून गेलेला पाऊस सरासरी भरतो, पण शेत भरत नाही. १९३३ पासून सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन चालू आहे आणि त्याचा मुख्य धडा पडेल ते पाणी जागीच मुरविण्याचा आहे. बांधबंदिस्ती, उतारास आडवी मशागत आणि ओढ्यांची साफसफाई ही कामे भाद्रपदापूर्वी पुरी होणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. शाळेच्या आवारात साधे पर्जन्यमापक बसवून विद्यार्थ्यांनी रोजची नोंद ठेवली आणि ग्रामपंचायतीने ती ग्रामसभेपुढे मांडली, तर आपल्या गावचा पाऊस किती पडतो याबरोबरच तो केव्हा पडतो, हेही गावास कळेल. पेरणीचा आणि पुराच्या सावधगिरीचा निर्णय मग अंदाजावर न राहता नोंदीवर घेता येईल.