घरातल्या समुद्राला लाटा कशा आणाव्यात?

सरबताच्या पेल्यात साखर टाका आणि चमचा न फिरवता पेला तसाच ठेवून द्या. तासाभराने वरचा घोट घेतलात, तर तो जवळजवळ अळणी लागेल. साखर विरघळलेली असते, पण ती तळाशीच घुटमळत राहते. आपण चमच्याने ढवळतो, ते ती लवकर वर पोचावी म्हणून.

हीच अडचण सागरी मत्स्यालयात जीवघेणी ठरते. मासा पोहतो, कल्ल्यांमधून पाणी खेळवतो; त्याचा चमचा त्याच्यापाशीच असतो. प्रवाळाचे तसे नाही. तो एका जागी चिकटलेला असतो. त्याला कल्ले नाहीत, हृदय नाही. दिवसा त्याच्या शरीरातील सूक्ष्म शैवाले प्रकाशाच्या साहाय्याने अन्न आणि ऑक्सिजन तयार करतात. रात्री मात्र हा कारखाना बंद पडतो आणि ऑक्सिजन बाहेरच्या पाण्यातूनच घ्यावा लागतो. अशा वेळी पाणी स्तब्ध असेल, तर टाकीत ऑक्सिजन भरपूर असूनही प्रवाळ गुदमरू शकतो. हे कसे?

कोणत्याही पृष्ठभागावरून पाणी वाहते तेव्हा पृष्ठभागाला अगदी लागून असलेले पाणी त्याला चिकटून राहते. त्यामुळे तेथे मंद पाण्याचा एक पातळ थर तयार होतो. याला सीमास्तर म्हणतात. ही कल्पना लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये मांडली. हा थर ओलांडताना शेवटचा टप्पा ऑक्सिजनच्या रेणूंना विसरणानेच, म्हणजे इकडेतिकडे भरकटतच, पार करावा लागतो. विसरणाचा एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे : अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो. पाण्यात ०.१ मिलिमीटर अंतर जाण्यास ऑक्सिजनला सुमारे अडीच सेकंद लागतात. १ मिलिमीटरला सुमारे चार मिनिटे आणि १ सेंटिमीटरला जवळजवळ सात तास! तेव्हा थर जितका पातळ, तितका श्वास सोपा. प्रवाह वेगवान झाला की सीमास्तर पातळ होतो. प्रवाळाचा श्वास त्याच्या भोवतीच्या पाण्याच्या वेगावर अवलंबून असतो, तो असा.

मग टाकीत एक जोरदार पंप बसवला की काम झाले, असे तुम्ही म्हणाल. पण एकाच दिशेने सतत येणारा झोत निराळेच प्रश्न निर्माण करतो. झोताच्या तोंडाशी असलेल्या प्रवाळाचे मऊ अंग सोलवटून निघते. त्याच्या पाठीमागे मात्र आडोसा तयार होतो, आणि त्या निवांत जागी गाळ व उरलेले अन्न साचून कुजते. खऱ्या समुद्रात असे होत नाही. तेथे लाट येते, पाणी पुढे जाते, क्षणभर थांबते आणि उलट फिरते. आजचा आडोसा पुढच्या क्षणी उघडा पडतो. प्रत्येक वेळी पाणी उलटले की सीमास्तराला नव्याने सुरुवात करावी लागते. त्याला जाड व्हायला सवडच मिळत नाही.

म्हणून टाकीत नुसता प्रवाह पुरत नाही, बदलता प्रवाह हवा. एक सोपा उपाय म्हणजे समोरासमोर दोन पंप लावून ते घड्याळी कळीने आळीपाळीने चालवणे. दोन्ही एकदम चालवले तर झोत मध्यभागी आदळतात आणि पाणी क्षणोक्षणी दिशा बदलत घुसळते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर अ‍ॅडी यांनी आपल्या प्रवाळ-टाकीसाठी भरली की कलंडणारी बादली वापरली. होनोलुलूच्या वाइकीकी मत्स्यालयातील ब्रूस कार्लसन यांनी तर बादलीही काढून टाकली आणि एकही हलता भाग नसलेले लाटायंत्र बनवले. ते चालते तुम्ही शाळेत शिकलेल्या वक्रनलिकेवर, म्हणजेच सायफनवर.

रचना अशी. मुख्य टाकीच्या वर एक लहान टाकी ठेवतात. छोटा पंप तिच्यात सावकाश पाणी चढवत राहतो. वरच्या टाकीत उलट्या ‘यू’ आकाराची रुंद नळी असते. तिचे आतले तोंड तळाजवळ, आणि लांब पाय खाली मुख्य टाकीत उतरलेला. पाणी नळीच्या वळणाइतके चढेपर्यंत काहीच घडत नाही. ते वळण ओलांडून लांब पायात कोसळू लागले की नळीतली हवा आपल्याबरोबर खाली ओढून नेते. नळी पूर्ण भरते, सायफन सुरू होतो आणि सगळे पाणी एकदम खाली येते. पातळी आतल्या तोंडापर्यंत उतरली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. मग टाकी पुन्हा भरू लागते.

आता थोडा हिशेब करू. दोन्ही पातळ्यांत ७५ सेंटिमीटर फरक धरला, तर √(२gh) या सूत्राने पाण्याचा वेग सेकंदाला ३.८ मीटर येतो. घर्षण आणि वळणे यांमुळे तो साधारण २ मीटर उरतो असे मानू. नळीचा आतला व्यास ४ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला अडीच लिटर पाणी उतरेल. वरच्या टाकीत ४० लिटर पाणी असल्यास ते पंधरा-वीस सेकंदांत रिकामे होईल. मिनिटाला २० लिटर देणाऱ्या पंपाला तेच भरायला दोन मिनिटे लागतात. पै पै साठवावी आणि एकदम खर्च करावी, तसाच हा व्यवहार आहे. ऊर्जा त्या छोट्या पंपाचीच, पण ती साठवून सोडल्यामुळे लाटेचा जोर येतो.

हिशेबाची दुसरी बाजूही पाहा. मुख्य टाकी १०० सेंटिमीटर लांब आणि ५० सेंटिमीटर रुंद असेल, तर ४० लिटर पाण्याने तिची पातळी ८ सेंटिमीटर वर-खाली होते. एवढी जागा वर मोकळी ठेवली नाही तर घरात खारे पाणी वाहील! पंपाचे तोंडही सर्वांत खालच्या पातळीच्या खाली हवे. आणि पंपाची नळी वरच्या टाकीतल्या पाण्यात बुडवू नये. का, सांगता येईल? वीज गेली तर तीच नळी उलटा सायफन बनेल आणि वरचे पाणी पंपातून मागे खाली येईल.

हे यंत्र करून पाहण्यासाठी प्रवाळ लागत नाही. तो आणूही नका. भारतात कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्याजवळचे प्रवाळ समुद्रातच शोभतात. तुम्ही श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या. त्याच्या तळाला भोक पाडून मत्स्यालयाच्या हवेच्या पंपाला लावतात ती बारीक लवचीक नळी त्यातून ओवा. आत तिला उलट्या ‘यू’चा आकार देऊन तारेने बांधा, मात्र ती चिमटू देऊ नका. भोक मेणाने बंद करा. आता डबा नळाखाली धरून पाण्याची बारीक धार सोडा. डबा भरेल, आपोआप रिकामा होईल आणि पुन्हा भरू लागेल.

यानंतर धार हळूहळू मोठी करत जा. एका मर्यादेपलीकडे सायफन तुटेनासा होईल, कारण जितके पाणी जाते तितकेच येत राहते. मग रुंद नळी लावून धार अगदी क्षीण करा. आता पाणी वळणावरून नुसते ओघळेल, नळी भरणारच नाही. लाट जन्मते ती या दोन मर्यादांच्या मध्ये. त्या तुमच्या डब्यासाठी कोठे आहेत, ते घड्याळ आणि मोजपात्र घेऊन शोधा आणि वहीत नोंदवा.