बारीक देहातील चरबी आणि जोर-बैठकांचे मोल

वजनकाटा शरीराचे एकूण वजन सांगतो, परंतु त्यात स्नायू किती आणि चरबी किती, हे सांगत नाही. भारतीय शरीराबाबत नेमके हेच जाणून घेणे किती आवश्यक आहे, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधनाने जगापुढे मांडले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो भरले. मात्र पुण्याकडील बाळांच्या वजनातील तूट मुख्यतः स्नायू आणि पोटातील अवयवांची होती, त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे दिली : दोघांचाही देहभार निर्देशांक, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती.

जेवणानंतर रक्तात उतरणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात आणि ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात, त्यामुळे स्नायूंचा साठा मुळातच कमी असेल तर मधुमेहाचा धोका बारीक माणसालाही राहतो. उलट, आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीविनाही साखर आत ओढू शकतो. पुण्यातील सारसबागेत किंवा वेताळ टेकडीवर रोज फिरणे हृदयासाठी उत्तमच, पण त्यात दंड, छाती आणि पाठ यांच्यावर फारसा भार पडत नाही, आणि येथेच प्रतिरोध व्यायामाची, म्हणजे स्नायूंना भाराविरुद्ध काम करायला लावणाऱ्या व्यायामाची, गरज भासते.

पुण्याला हा व्यायाम नवा नाही. पेठांमधील तालमींत जोर, बैठका, मुद्गल आणि मल्लखांब यांची मेहनत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि १९२४ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्रीय मंडळाने व्यायामाला शिक्षणाची जोड दिली. जोर काढताना स्वतःच्या देहाचेच वजन भार म्हणून वापरले जाते, ही या पद्धतीची मोठी सोय आहे. मात्र शेकडो बैठकांची संख्या गाठल्यावर पुढे दमच अधिक वाढतो. ताकद वाढत राहण्यासाठी भारही हळूहळू वाढवावा लागतो. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद बव्हंशी मज्जासंस्थेमुळे येते, कारण मेंदू अधिक स्नायुतंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतो. तंतूंची जाडी त्यानंतर वाढते आणि त्यासाठी आहारात डाळी, दूध, अंडी यांतून पुरेशी प्रथिने लागतात.

ही तालीम संस्कृती प्रामुख्याने पुरुषांची राहिली, हे खेदजनक आहे, कारण रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता झपाट्याने घटते आणि भार पेलल्याने हाडांना मिळणारी चालना स्त्रियांना तेव्हा विशेष हवी असते. वयाची सबबही टिकत नाही : १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनमधील एका प्रयोगात सरासरी नव्वद वर्षांच्या वृद्धांच्या मांड्यांची ताकद आठ आठवड्यांच्या भारव्यायामाने जवळजवळ पावणेतीनपट झाली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस असा व्यायाम सुचवते. उतारवयात त्याची सुरुवात हात न टेकता खुर्चीवरून उठण्या-बसण्याने आणि भिंतीला टेकून काढलेल्या जोरांनी करता येते. श्वास रोखून धरू नये, आणि हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.