कळवळलात म्हणजे गुण आला, असं नव्हे

"मालीश करताना माणूस कळवळला पाहिजे, तरच गुण येतो." कोल्हापुरात हे वाक्य चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठंही कानावर पडतं. शंका काढली की पुढचं ठरलेलं: "पैलवान बघा की!"

बरं, पैलवानच बघू. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत मेहनत झाली की पोरं एकमेकांचं अंग रगडतात, हे खरं. पण ते अंग जोर-बैठकांनी कमावलेलं, वय विशीच्या आसपासचं, आणि रगडणाऱ्याला त्याची खडान्‌खडा माहिती. दिवसभर खुर्चीत बसून शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या पन्नाशीतल्या गृहस्थाच्या कमरेवर तोच जोर लावायचा, हे कुठलं शहाणपण?

असह्य दुखलं की स्नायू सैल पडत नाही, स्वतःला वाचवायला आणखी आखडतो. तुम्ही श्वास रोखता, मुठी आवळता. मालीशवाल्याच्या हाताला 'गाठ' लागते आणि तो अजून जोर लावतो. ती गाठ बऱ्याचदा त्याच्याच जोरानं आलेली असते! दुसऱ्या दिवशी कातडी काळी-निळी पडली की घरचे म्हणतात, विष बाहेर आलं. विष कसलं? कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या, एवढंच. फार जोराच्या मालिशीनं स्नायू फाटून मूत्रपिंडांवर ताण आल्याचीही उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. ती दुर्मीळ आहेत, पण आहेत.

याच समजाचा सुशिक्षित भाऊ म्हणजे लॅक्टिक आम्ल. मेहनतीत स्नायूंत साचलेलं हे आम्ल रगडल्यानं पिळून निघतं म्हणे. मुळात मेहनत थांबल्यावर तास-दीड तासात शरीर ते स्वतःच निपटतं. दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीशी त्याचा संबंध नाही. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या 2010च्या अभ्यासात तर मालिशीच्या दाबानं रक्तप्रवाह अडून हे आम्ल निघून जाणं उलट मंदावलेलं दिसलं. कॅनडातल्याच मॅकमास्टर विद्यापीठानं 2012मध्ये 11 तरुणांना दमेपर्यंत सायकल मारायला लावली, एकाच पायाला 10 मिनिटं मालीश केली आणि दोन्ही मांड्यांतले स्नायूंचे नमुने तपासले. मालिशीच्या पायात दाहाची लक्षणं कमी होती. लॅक्टिक आम्लात फरक नव्हता. म्हणजे मालिशीचा उपयोग आहे, पण सांगतात तो नव्हे. कंबरदुखीवरच्या 25 चाचण्यांचा वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा 2015चा आढावाही जपूनच बोलतो: थोडे दिवस आराम पडू शकतो, पण पुरावा कच्चा आहे.

मग जायचं कुणाकडं? कॅनडातल्या ऑन्टारिओसारख्या प्रांतात मालीश करणाऱ्यांसाठीच वेगळी नोंदणी आहे. आपल्याकडं फिजिओथेरपिस्ट गाठावा. त्यांची नोंदणी करणारी राज्य परिषद 2002च्या कायद्यानं आली. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

पहिल्या भेटीत थेट तेलाची बाटली निघाली नाही म्हणून फसवलं असं वाटून घेऊ नका. आधी प्रश्न येतात: शुगर, बीपी, रक्त पातळ करायची गोळी, अलीकडचं ऑपरेशन, एकाच पोटरीला सूज? शेवटचा प्रश्न उगाच नसतो. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी असेल आणि ती चोळली, तर सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. मग वाकायला, वळायला लावतात. कपडे लागतील तेवढेच बाजूला, बाकी अंगावर चादर. दाब देताना "दहापैकी किती दुखतंय?" असं विचारतील, तिथं पैलवानकी दाखवून "काही नाही" म्हणू नका. थांबा म्हटल्यावर थांबलंच पाहिजे. बऱ्याचदा मालीश थोडी आणि घरी करायचा व्यायाम जास्त मिळतो. त्यावर "मग पैसे कशाचे घेतले?" म्हणणारेही आहेत.

बाकीचे समज झटपट. पाय मुरगळला की लगेच चोळायचा: नाही, सूज वाढते, आधी बर्फ आणि विश्रांती. निखळलेला कोपर चोळून बसतो: मुळीच नाही. चोळलेल्या कोपराच्या स्नायूत हाड धरतं आणि हात कायमचा आखडू शकतो. हाडांच्या डॉक्टरांना विचारा, वैतागून सांगतील. मालिशीनं चरबी वितळते: वितळत नाही, नाहीतर मालीश करणाऱ्यांनी जिम केव्हाच बंद पाडल्या असत्या. आयुर्वेदात मालीश कुणालाही, कधीही चालते: वाग्भटानंच अजीर्ण झालेल्याला अभ्यंग वर्ज्य सांगितलं आहे. तेव्हा तांबडा-पांढरा रस्सा ओरपून थेट टेबलावर पालथं पडू नका. आणि जाताना जुने एक्स-रे, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि सैल चड्डी बरोबर असू द्या.